जठराची खिडकी उघडणारे डॉ. बोमाँट

आपण गिळलेल्या घासाचे पुढे काय होते, याचे उत्तर आज शाळेच्या पाठ्यपुस्तकात आकृतीसह छापलेले असते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र युरोप-अमेरिकेतील नामवंत वैद्यांचेही या प्रश्नावर एकमत नव्हते. अन्न पोटातील उष्णतेने शिजते, असे काहींचे म्हणणे होते. ते आंबते किंवा कुजते, असे दुसरे सांगत. जठराचे स्नायू जात्यासारखे ते भरडून काढतात, असे मानणाराही एक पंथ होता. या वादाचा निकाल लावण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, ते विल्यम बोमाँट कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. त्यांच्याकडे वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी नव्हती आणि प्रयोगशाळाही नव्हती. ते अमेरिकेच्या सरहद्दीवरील किल्ल्यांत सैनिकांच्या जखमा बांधणारे लष्करी डॉक्टर होते. त्यांच्या हाती एकच विलक्षण गोष्ट लागली, ती म्हणजे एका गरीब मजुराच्या पोटावर पडलेले आणि कधीच न बुजलेले भोक. त्या भोकातून बोमाँट यांनी जे पाहिले, त्यामुळे ते अमर झाले. ज्याचे ते पोट होते, त्याच्या वाट्याला काय आले, हा मात्र या चरित्राचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

शेतकऱ्याचा मुलगा

विल्यम बोमाँट यांचा जन्म २१ नोव्हेंबर १७८५ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या लेबनॉन या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांची शेती पुढे चालविण्यात त्यांना रस नव्हता. विशीत असतानाच एक घोडा, एक घसरगाडी आणि थोडी रक्कम घेऊन त्यांनी घर सोडले आणि उत्तरेची वाट धरली. न्यूयॉर्क राज्यातील शॅम्प्लेन गावात त्यांनी काही वर्षे शाळामास्तरकी केली. फावल्या वेळात मिळतील ती वैद्यकाची पुस्तके ते वाचत. पुढे १८१० मध्ये व्हरमाँट राज्यातील सेंट ऑल्बन्स येथे डॉ. बेंजामिन चँडलर यांच्याकडे ते उमेदवारीला राहिले. त्या काळी डॉक्टर होण्याचा हाच सर्वसामान्य मार्ग होता. गुरूच्या घरी राहायचे, औषधे कुटायची, रोग्यांच्या उशाशी बसायचे आणि पाहिलेले टिपून ठेवायचे. पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवण्याची ही सवय बोमाँट यांच्या अंगी कायमची मुरली. पुढे तीच त्यांची सर्वांत मोठी विद्या ठरली.

१८१२ च्या जूनमध्ये त्यांना वैद्यकीचा परवाना मिळाला आणि त्याच महिन्यात अमेरिका व ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. बोमाँट सैन्यात सहायक शल्यचिकित्सक म्हणून दाखल झाले. एप्रिल १८१३ मध्ये यॉर्क, म्हणजे आजचे टोरांटो, येथील लढाईत माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी दारूगोळ्याचे कोठार उडवून दिले. त्या स्फोटात चिरडलेल्या सैनिकांवर बोमाँट यांनी जवळजवळ दोन दिवस अखंड शस्त्रक्रिया केल्या. बंदुकीच्या आणि तोफेच्या जखमा त्यांना चांगल्या परिचयाच्या झाल्या. युद्धानंतर प्लॅट्सबर्ग येथे काही वर्षे खासगी व्यवसाय करून ते पुन्हा लष्करात परतले आणि १८२० मध्ये मॅकिनॉ बेटावरील किल्ल्यात रुजू झाले. दुसऱ्याच वर्षी प्लॅट्सबर्गच्या डेबोरा ग्रीन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

६ जून १८२२

ह्युरॉन आणि मिशिगन ही दोन महासरोवरे जेथे मिळतात, तेथे मॅकिनॉ हे लहानसे बेट आहे. त्या काळी ते फरच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. हिवाळाभर रानात सापळे लावणारे शिकारी आणि होड्या वल्हवणारे फ्रेंच-कॅनडियन मजूर उन्हाळा लागला की तेथे जमत. अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात ६ जून १८२२ च्या सकाळी अशीच गर्दी असताना कोणाच्या तरी हातातील छऱ्यांची बंदूक अचानक उडाली. हात-दीड हात अंतरावर उभ्या असलेल्या अॅलेक्सिस सेंट मार्टिन या जेमतेम विशीतल्या मजुराला तो बार डाव्या बाजूला छातीखाली लागला. बरगड्या तुटल्या, फुप्फुसाचा तुकडा आणि जठराचा भाग बाहेर आला. सकाळी खाल्लेली न्याहारी जखमेतून गळत होती.

किल्ल्यातून धावत आलेल्या बोमाँट यांना हा तरुण दोन दिवसही जगेल असे वाटले नव्हते. तरीही त्यांनी जखम धुतली, हाडांचे तुकडे आणि कपड्यांच्या चिंध्या काढल्या, बाहेर आलेला भाग आत सारला. सेंट मार्टिन जगला. सतरा दिवसांपर्यंत तोंडावाटे दिलेले सर्व काही जखमेतून बाहेर पडत असे. त्यानंतर घट्ट पट्टी बांधल्यावर अन्न आत टिकू लागले. महिन्यांमागून महिने गेले आणि जखमेच्या कडा भरत आल्या. पण एक चमत्कारिक गोष्ट घडली. जठराच्या भोकाची कडा पोटाच्या भिंतीवरील जखमेच्या कडेशी कायमची जुळून गेली. टाके घालून ते भोक बंद करू देण्यास रोग्याने नकार दिला, असे बोमाँट यांनी नोंदवून ठेवले आहे. पुढे जठराच्या आतील अस्तराची एक घडी वाढून या भोकावर झडपेसारखी बसली. ती बोटाने आत लोटली की जिवंत माणसाचे जठर थेट डोळ्यांना दिसू लागे.

काही महिने उलटल्यावर निष्कांचन सेंट मार्टिनला पोसण्यास स्थानिक प्रशासनाने नकार दिला आणि त्याला कॅनडातील मूळ गावी धाडून देण्याचे घाटू लागले. शेकडो मैलांच्या होडीच्या प्रवासात तो जगला नसता. एप्रिल १८२३ मध्ये बोमाँट यांनी त्याला आपल्या घरी आणले. पगार तुटपुंजा, पदरी संसार, अशा स्थितीत त्यांनी त्याला जवळजवळ दोन वर्षे खाऊ घातले आणि त्याच्या जखमा धुतल्या. बरा होताच सेंट मार्टिन त्या घरात लाकडे फोडणे, ओझी वाहणे अशी गड्याची कामे करू लागला. माणुसकी कोठे संपली आणि संशोधकाचा स्वार्थ कोठे सुरू झाला, हे सांगणे अवघड आहे. बहुधा दोन्ही एकाच वेळी नांदत होते.

रेशमी दोऱ्याला बांधलेले घास

प्रयोग १८२५ मध्ये सुरू झाले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग १ ऑगस्टचा. त्या दिवशी दुपारी बारा वाजता बोमाँट यांनी एका रेशमी दोऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर मसालेदार शिजवलेले गोमांस, खारवलेले कच्चे डुकराचे मांस, खारवलेले कच्चे व उकडलेले गोमांस, शिळा पाव आणि कच्च्या कोबीचा काप असे जिन्नस बांधले आणि तो दोरा भोकातून आत सोडला. एक वाजता दोरा ओढून पाहिला. कोबी आणि पाव निम्मे विरघळले होते, मांस जसेच्या तसे होते. दोन वाजता कोबी, पाव, डुकराचे मांस आणि उकडलेले गोमांस दोऱ्यावरून नाहीसे झाले होते. तीन वाजता उरलेल्या तुकड्यांपैकी शिजवलेले मांस अर्धवट पचले होते, पण कच्चे गोमांस वरवर तेवढे मऊ पडले होते. तोपर्यंत सेंट मार्टिन छातीत दुखत असल्याची आणि अस्वस्थ वाटत असल्याची तक्रार करू लागला होता. त्याचा त्रास वाढल्यावर बोमाँट यांनी औषधाच्या गोळ्या तोंडाऐवजी सरळ भोकातूनच जठरात टाकल्या.

काही दिवसांनी त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. रबरी नळीने जठरातील रस बाहेर काढून तो एका बाटलीत घेतला, त्यात उकडलेल्या गोमांसाचा तुकडा टाकला आणि बाटली शरीराच्या उष्णतेइतक्या, म्हणजे १०० अंश फॅरनहाइटच्या, पाण्यात ठेवली. तसाच तुकडा त्यांनी जठरातही सोडला. जठरातील तुकडा दोन तासांत नाहीसा झाला. बाटलीतल्या तुकड्याला सुमारे दहा तास लागले, पण विरघळण्याची रीत तीच होती. पचनाला शरीराबाहेरची काच चालते, तेव्हा त्यात कोणतीही गूढ जीवनशक्ती नाही, ती रासायनिक क्रिया आहे, हे या साध्या बाटलीने दाखवून दिले. युरोपात रेओम्यूर यांनी अठराव्या शतकात शिकारी पक्ष्यावर आणि त्यांच्यानंतर स्पालान्झानी यांनी पक्ष्यांबरोबर स्वतःवरही असे प्रयोग केले होते. पण जिवंत माणसाच्या जठरात तासातासाला डोकावणे त्यांना शक्य झाले नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोमाँट त्याला घेऊन प्लॅट्सबर्गकडे गेले असता सेंट मार्टिन न सांगता सरहद्द ओलांडून कॅनडात निघून गेला. तेथे त्याने लग्न केले आणि तो पुन्हा होड्या वल्हवू लागला. पोटात भोक असलेला माणूस दिवसभर वल्ही मारत होता, एवढी या शरीराची चिवट ताकद होती. बोमाँट यांनी फर व्यापाऱ्यांमार्फत त्याचा शोध घेतला. १८२९ मध्ये तो पत्नी आणि मुलांसह मिसिसिपी नदीकाठच्या क्रॉफर्ड किल्ल्यात आला आणि प्रयोगांची दुसरी मालिका सुरू झाली. ती १८३१ पर्यंत चालली. पत्नीच्या आग्रहावरून तो पुन्हा मायदेशी परतला. ऑक्टोबर १८३२ मध्ये मात्र दोघांत लेखी करार झाला. वर्षभर डॉक्टर जेथे जातील तेथे जायचे, ते सांगतील ते प्रयोग करू द्यायचे आणि त्या बदल्यात अन्नवस्त्र, निवारा व १५० डॉलर घ्यायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या सेंट मार्टिनने सहीच्या जागी फुली मारली.

एका जठराची रोजनिशी

१८३३ मध्ये प्लॅट्सबर्ग येथे बोमाँट यांचे जठररस आणि पचनक्रियेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात २३८ प्रयोगांची नोंद आणि शेवटी ५१ निष्कर्ष आहेत. कोणते अन्न जठरात किती वेळ राहते, याचा त्यांतील तक्ता विशेष गाजला. त्यानुसार उकडलेला भात एका तासात जठर सोडतो, उकळलेले दूध दोन तासांत. कच्चे अंडे दोन तासांत पचते, पण कडक उकडलेल्या अंड्याला साडेतीन तास लागतात. भाजलेल्या बटाट्याला अडीच, उकडलेल्याला साडेतीन, तर शिजवलेल्या कोबीला साडेचार तास. भाजलेल्या डुकराच्या मांसाला तर सव्वापाच तास. एकाच माणसाच्या आणि तेही जखमी जठरातील हे आकडे सर्वांना सरसकट लागू होणारे नाहीत. पण त्यापूर्वी असा तक्ता मांडण्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

तक्त्यापेक्षाही त्यांची निरीक्षणे मोलाची आहेत. रिकाम्या जठरात पाचकरस साठून राहत नाही, अन्न आत पडताच तो अस्तरातून दवबिंदूंसारखा पाझरू लागतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. अन्न बारीक चावलेले असेल तर ते लवकर पचते, तेलकट पदार्थ सावकाश पचतात, पाणी मात्र जठरात फारसे थांबत नाही, हे त्यांनी नोंदवले. सेंट मार्टिन संतापला की त्याच्या जठरात पित्त उतरते आणि पचन बिघडते, हेही त्यांच्या लक्षात आले. मनाचा आणि पोटाचा संबंध इतक्या स्पष्टपणे आधी कोणी पाहिला नव्हता. सेंट मार्टिन कित्येक दिवस भरपूर दारू प्यायला, तेव्हा जठराचे अस्तर लालभडक होऊन त्यावर चट्टे उठले. तरीही त्याची स्वतःची काहीच तक्रार नव्हती. पोट बिघडल्याचे पोटाच्या मालकाला कळतेच असे नाही, हा धडा आजच्या शहरी वाचकालाही लागू पडावा.

हे सारे सेंट मार्टिनच्या अंगाला लागत होते. रस काढण्यापूर्वी त्याला उपाशी ठेवले जाई. रस बाहेर येऊ लागला की त्याला पोटात खड्डा पडल्यासारखे होऊन भोवळ येई. रसाच्या बाटल्या ऊबदार राहाव्यात म्हणून त्या त्याच्या काखेत तासन्‌तास ठेवल्या जात. पुस्तकात त्याचा उल्लेख आहे, डॉक्टरांनी त्याच्याविषयी कृतज्ञताही दाखवली आहे. पण त्याला काय वाटत होते, हे सांगणारे एकही पान त्यात नाही.

जे त्यांना दिसले नाही

या रसात कोणते आम्ल आहे, हे बोमाँट यांना स्वतः सांगता येत नव्हते. म्हणून त्यांनी त्याचे नमुने जाणकारांकडे पाठवले. व्हर्जिनियातील प्राध्यापक रॉब्ली डंग्लिसन यांनी त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे ओळखले. इंग्लंडमध्ये विल्यम प्राउट यांनी प्राण्यांच्या जठराबाबत काही वर्षांपूर्वी हेच सांगितले होते. मात्र केवळ आम्लाने मांस इतके झपाट्याने विरघळत नाही, त्यात आणखी काहीतरी असले पाहिजे, हे बोमाँट यांनी हेरले होते. ते काहीतरी म्हणजे पेप्सिन. जर्मनीच्या थिओडोर श्वान यांनी ते १८३६ मध्ये शोधून काढले.

आज आपल्याला ठाऊक असलेले चित्र यापेक्षा बरेच मोठे आहे. पिष्टमय पदार्थांचे पचन तोंडातल्या लाळेपासूनच सुरू होते. अन्ननलिकेतून घास जठरात उतरल्यावर तेथील पेशी दिवसाला सुमारे दोन लिटर रस पाझरतात. त्यातील आम्ल अन्नाबरोबर आलेल्या बहुतेक जंतूंना मारते आणि पेप्सिनला जागे करते. पेप्सिन प्रथिनांचे तुकडे पाडते. मांस विरघळवणारा हा रस जठरालाच का पचवत नाही, तर अस्तरावर सतत चिकट श्लेष्माचा थर पसरलेला असतो. जठराचे स्नायू मिनिटाला सुमारे तीन लाटांनी अन्न घुसळतात आणि तयार झालेला लगदा थोडा थोडा करून पुढे ढकलतात. पचनाचे खरे मोठे काम मात्र त्यापुढे, सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात होते. तेथे यकृताचे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिसळतो, स्निग्ध पदार्थ फुटतात आणि अन्नातील सत्त्व रक्तात शोषले जाते. मोठे आतडे उरलेल्या चोथ्यातील पाणी टिपून घेते. बोमाँट यांची खिडकी जठराच्या भिंतीत होती, त्यामुळे आतड्यांतला हा खेळ त्यांना दिसला नाही. जठररस हाच सर्व अन्न विरघळवणारा द्रव आहे, अशी त्यांची समजूत राहिली.

पण त्यांच्या खिडकीने पुढच्या संशोधकांना वाट दाखवली. काही वर्षांतच युरोपात कुत्र्यांच्या जठरावर मुद्दाम असे भोक पाडून प्रयोग होऊ लागले. हीच पद्धत परिपूर्ण करून रशियाच्या इव्हान पावलोव्ह यांनी मेंदू आणि पाचकरस यांचे नाते उलगडले आणि १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

दोन मृत्यू

१८३४ मध्ये बोमाँट यांची सेंट लुईस येथे बदली झाली. त्याच वर्षी सेंट मार्टिन कॅनडात गेला, तो पुन्हा आला नाही. प्रयोगांवर झालेला खर्च सरकारने द्यावा, हा बोमाँट यांचा अर्ज अमेरिकी संसदेने मान्य केला नाही. पुढे बदलीच्या वादातून त्यांची लष्करी सेवाही संपली. सेंट लुईसमध्ये त्यांचा व्यवसाय चांगला चालला, पण कीर्ती कधी कधी उलटलीही. १८४० मध्ये एका वृत्तपत्राच्या मालकाला भर रस्त्यात लोखंडी छडीने मारहाण झाली. बोमाँट यांनी त्याच्या कवटीला छिद्र पाडून दाब कमी करण्याचा प्रयत्न केला, पण तो दगावला. खटल्यात आरोपीच्या वकिलांनी मृत्यूचे खापर डॉक्टरांवर फोडले. पोटातल्या भोकातून पाहण्याची चटक लागलेल्या या डॉक्टरने डोक्यातही केवळ कुतूहलापोटी भोक पाडले, असा युक्तिवाद झाला आणि आरोपी दंडावर सुटला.

सेंट मार्टिनला परत आणण्याचा ध्यास मात्र सुटला नाही. मृत्यूच्या आदल्या वर्षापर्यंत बोमाँट त्याला पत्रे पाठवत होते, पैशांचे आमिष दाखवत होते. सेंट मार्टिन कुटुंबाशिवाय यायला तयार नव्हता आणि कुटुंबाचा भार घेण्यास डॉक्टर राजी नव्हते. मार्च १८५३ मध्ये बर्फाळलेल्या पायऱ्यांवरून घसरून बोमाँट पडले. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. २५ एप्रिल १८५३ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्याच्या जगण्याची दोन दिवसांची खात्री नव्हती, तो सेंट मार्टिन त्यानंतर आणखी सत्तावीस वर्षे जगला. मधल्या काळात, १८५६ मध्ये, पोटातले भोक दाखवत त्याला गावोगाव फिरवण्यात आले. गरिबीने मात्र त्याची पाठ सोडली नाही. २४ जून १८८० रोजी क्वेबेक प्रांतातील सेंट थॉमस येथे तो वारला. माँट्रियलचे तरुण डॉक्टर विल्यम ऑस्लर, जे पुढे जगद्विख्यात झाले, त्यांना ते जठर वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयासाठी हवे होते. कुटुंबाने ठाम नकार दिला. डॉक्टरांच्या उपयोगाचे राहू नये म्हणून त्यांनी ऐन उन्हाळ्यात मृतदेह चार दिवस घरीच कुजू दिला आणि मग नेहमीपेक्षा खोल, आठ फुटांच्या खड्ड्यात पुरला. आयुष्यभर उघडे राहिलेले ते पोट अखेर त्याच्या माणसांनी अशा रीतीने बंद केले.

माणसावरील प्रयोगासाठी त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवी, हा नियम जगाने स्पष्ट शब्दांत लिहिला तो १९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेत. त्या कसोटीवर १८३२ चा तो करार टिकणार नाही. मात्र त्या काळात रोग्याशी काही करार करावा, हेच मुळी कोणाच्या मनात येत नव्हते, हेही विसरता येत नाही. बोमाँट यांनी सेंट मार्टिनचा जीव वाचवला हे खरे, आणि त्या जिवावर आपला हक्क असल्यासारखे ते वागले, हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकत्र मान्य केल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

१९६२ मध्ये कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी सेंट मार्टिनच्या विश्रांतिस्थळी त्याच्या नावाची पाटी लावली. पचनाच्या अभ्यासाला त्याने दिलेल्या देणगीची ती उशिरा मिळालेली पावती होती. आज एंडोस्कोपीची बारीक नळी घशातून उतरवून डॉक्टर काही मिनिटांत जठराचे अस्तर पडद्यावर पाहतात आणि तपासणीपूर्वी रोग्याची सही घेतात. त्या पडद्यावर जे दिसते, ते दोनशे वर्षांपूर्वी बारकाईने पाहणारे डोळे डॉ. बोमाँट यांचे होते. ज्या पोटात ते दिसले, ते सहीच्या जागी फुली मारणाऱ्या एका मजुराचे होते.